इंजनाच्या मागचा डबा

बहात्तरच्या दुष्काळात चेअरमन धोंडीराम साखरेची यंत्रं बघायला जर्मनीला गेले आणि एका जुन्या, वाफेवर चालणाऱ्या रेल्वे इंजनाचा फोटो घेऊन परत आले. शिरूर कासारच्या सभेत त्यांनी तोच भिंतीवर टांगला. दहा वर्षांत सहकारी कारखान्याची नुसती कोनशिला बसली होती, पण चेअरमनच्या तोंडी इंजन. चाकं पुरुषभर उंच, पळायला वाऱ्यासारखं, सगळ्या एक्स्प्रेस गाड्यांचा बाप. असली गाडी आपल्याकडंही यावी, असा ठराव त्यांनी मांडला.

सभासद तुळजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडून थेट सभेला आली होती. घसा कोरडा पडलेला. इथं माणसं पाण्यावाचून टाचा घासतायत आणि ह्या बाबाला चाकांचं कौतुक. ती उठली.

"साहेब, हे इंजन पाणी किती पितं?"

चेअरमन खुलले. "मागच्या डब्यात वीस हजार लिटर भरून निघतं, बाई."

गावाला चार दिवसांनी एक टँकर यायचा, तोही वाटेत अर्धा गळून.

"मंग ठरावात असं लिवा," तुळजाबाई म्हणाली, "इंजन नको, भरलेला मागचा डबा तेवढा पाठवा. रूळ न्हाईत म्हणून अडू नका, आमी ओढतो. तुमाला दहा वर्षं ओढलंच की."