उजेडाचं वेळापत्रक

आषाढ उतरणीला लागला की विमलताईंचं मन बसायचं, ते पोळा होईस्तोवर उठायचं नाव नाही. भाजी चिरता चिरता हात थांबायचे, न्हाणीत काढलेलं पाणी निवून जायचं, आणि कारण विचारावं तर कारण नसायचं. घाटंजीत कारणाशिवाय दुःखी राहायची सोय नाही. म्हणून त्यांचे यजमान किसनराव गेली सहा वर्षं गावाला एकच सांगत आले होते, "तिची कंबर दुखून राह्यली." कंबर हे इज्जतदार दुखणं होतं.

यंदा मात्र कंबरेवर भागणार नव्हतं. लेक सुरभीला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिच्या सासूबाईंनी, यवतमाळच्या पंचफुलाबाईंनी, फोनवर स्पष्ट सांगितलं, "विहीणबाईची कंबर पावसात दरसाल धरते म्हणे. मंग बाळंतिणीचं कोण करन? एखांद्या रविवारी येऊन पाहू, मंग ठरवू." त्या दिवशी विमलताईंनी सुरभीच्या लहानपणीची दुपटी ट्रंकेतून काढली. वाळवायला ऊन नव्हतं. दुपटी परत ट्रंकेत गेली आणि विमलताई पोटभर रडल्या.

तेव्हा कुठे किसनराव त्यांना यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, ढगाळ दिवसांत काही जणांचं मन असं खचतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ठरल्या वेळी उठा, सकाळी अर्धा तास उघड्यावर उजेडात राहा, ढग असले तरी. रोज चाला, माणसांशी बोला. महिन्याने परत दाखवा, गरज पडली तर औषध देऊ. किसनरावांनी प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकला, आणि तिथेच घात झाला.

किसनरावांचा जन्म एसटीत गेलेला. शेवटची बारा वर्षं ते स्टँडवरच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली एकही गाडी उरली नव्हती. आता बायको मिळाली. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पुठ्ठा लागला: पाच चाळीस, उठणे. सहा दहा, उजेड. सहा चाळीस, चालणे (गच्चीवर, वीस फेऱ्या). सात पंधरा, आनंद. गळ्यात शिट्टी आली.

"विमल, उजेडाले चार मिनिटं लेट हायेस."

"अवो, पाणी पडून राह्यलं बाहेर."

"गाडीची वेळ झाली का सोडा लागते. पाशिंजर असो का नसो."

आनंदाची व्यवस्था त्यांनी गावावर सोपवली. कंबरेवर उपाय म्हणून डॉक्टरीणबाईंनी माणसांशी बोला म्हटलंय, एवढं चौकात सांगायचा अवकाश, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याइतकं आवडीचं काम दुसरं नाही. जो तो केळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन यायचा, उसासा टाकायचा आणि आपल्या ओळखीतल्या अशाच एका बाईची हकिकत सांगायचा. ती बाई शेवटी हटकून गेलेली असायची. सात पंधराचा आनंद दहा वाजेपर्यंत चाले. तेवढ्या वेळात विमलताई अकरा जणांचा चहा करत. ज्या बाईला एक कप उचलायचा जीव नव्हता, तिच्याकडून हे गाव अकरा कप आणि अकरा बश्या विसळून घेत होतं.

शेवटी शेजारच्या अकीलाला दया आली. कुंपणावरून ती म्हणाली, "भाभी, मागच्या दारानं निघून जा न सकाळीच."

"रिकाम्या हातानं? लोक विचारतीन, कोण वारलं म्हणून."

"पिशवी घ्या. आमच्या वावराच्या काट्याले कटुले लागले हायेत. कोणी विचारलं तं भाजीले चालली म्हणा."

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजायच्या आत विमलताई मागच्या दारानं पसार झाल्या. शेताकडे जाणारी चिखलाची पांदण, वर राखी आभाळ, आणि काटेरी कुंपणाच्या वेलींत लपलेली कटुली, म्हणजे करटोली. हिरव्यात हिरवं शोधायचं म्हणजे डोळ्यांना दुसरं काही सुचत नाही. पहिल्या दिवशी पाच मिळाली. आठवड्याने पाव किलो. किसनराव घरी शिट्टी वाजवत राहत; भाजीला गेले होते, यापलीकडे त्या त्यांना काही सांगत नसत. मन आनंदी झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण न्हाणीतलं पाणी निवायच्या आत अंगावर जाऊ लागलं.

आणि एका रविवारी पहिल्या गाडीने पंचफुलाबाई आल्या.

किसनरावांनी झटक्यात पुठ्ठा काढून कपाटामागे टाकला. "विमल" म्हणून हाक मारली, शिट्टीही मारली. घर रिकामं.

"कंबर दुखणारी बाई सकायी सातले गेली कुठं?" पंचफुलाबाईंनी विचारलं. जन्मभर गाडी कुठं आहे ते सांगणाऱ्या माणसाने नुसतं मागच्या दाराकडे पाहिलं. अकीलाने वावराकडे बोट दाखवलं.

पंचफुलाबाई तिथे पोचल्या तेव्हा विमलताई पार खाली वाकून काट्यातून कटुलं काढत होत्या.

"कंबर तं चांगली वाकून राह्यली, विहीणबाई."

विमलताई सरळ झाल्या. 'आई गं' म्हणून कमरेला हात लावायला अजून वेळ होता. सुरभीचं बाळंतपण त्या हाताच्या अंतरावर होतं. पण सहा वर्षांच्या कंबरेचा त्यांना वीट आला होता.

"कंबर कधीच दुखली नाई," त्या म्हणाल्या. "पावसाचे दिवस आले का मन अंधारून जाते. उठावं नाई वाटत, बोलावं नाई वाटत. खोटं सांगत होतो आमी." गेलं आता पोरीचं बाळंतपण हातचं, असं त्यांना वाटलं.

पंचफुलाबाई लुगड्याची पर्वा न करता ओल्या बांधावरच बसल्या.

"माही पावसात शुगर वाढते, असं आमच्या घरचे हे सांगतात," त्या हळूच म्हणाल्या. "मले शुगर नाई."

विमलताईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि त्याही शेजारी बसल्या.

"पोळा झाला का सुरभीले आणून घालू," पंचफुलाबाई म्हणाल्या. "बाळंतपणात पोरीले उगाच रडू आलं तं ते ओळखणारं कोणी जवळ पाह्यजे. आमच्याकडं तिची बी कंबरच दुखन."

दोघी दोन तास लेट घरी आल्या. किसनराव दारातच उभे होते, पण शिट्टी खिशात होती. कटुल्याची भाजी झाली, जेवणं झाली. निघताना पंचफुलाबाईंनी विमलताईंकडून ऐकलेला पुठ्ठा किसनरावांना कपाटामागून काढायला लावला, वेळा लिहून घेतल्या आणि 'आनंद' तेवढा गाळला.

त्या गेल्यावर विमलताईंनी ट्रंक उघडली. ऊन नव्हतंच. त्यांनी स्वयंपाकघरात दोरी बांधली आणि दुपटी तिथेच वाळत घातली.