आईच्या दंडावर

मी पट्टी बोलतेय. जखमेवरची नव्हे, बीपी बघताना दंडाला आवळतात ती. जन्म कारखान्यातला. आठ वर्षं झाली, या दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीला आहे. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही. एका दंडावरून सुटले की दुसऱ्यावर. आणि माझं ऐकतं कोण? काटा चढला की कारण तयारच: "जिना चढून आलेय ना!" नर्सबाई मात्र पक्क्या. पाच मिनिटं गप्प बसवतात आणि मला पुन्हा बांधतात.

परवा एक पहिलटकरीण आली, बाराव्या आठवड्यातली. सोबत तिची आई. मुलीचा काटा शहाण्यासारखा थांबला. मग नर्सबाईंनी कागद पुढे ओढला. "घरात कुणाला गरोदरपणात बीपी होतं? आईला, बहिणीला?"

"छे! आमच्याकडे असलं काही नाही," आई इतक्या घाईने म्हणाली की माझ्या मनात पाल चुकचुकली.

नर्सबाईंच्याही चुकचुकली असावी. "बसा मावशी, तुमचंही बघू."

मावशींच्या दंडावर बसले आणि माझाच जीव खालीवर झाला. काटा एकशे सत्तरलाच उड्या मारू लागला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. बोल गं बाई, बोल! मला तोंड असतं तर मीच विचारलं असतं.

"हिच्या वेळी मला झटके आले होते," मावशी खाली बघत म्हणाल्या. "बीपी वाढलेलं. दोन दिवस शुद्ध नव्हती. हिला कधी सांगितलं नाही. पोरीला वाटलं असतं, आपल्यामुळे आईची ही गत झाली."

नर्सबाई रागावल्या नाहीत. "बोललात ते बरं केलंत. हिची पहिलीच खेप, त्यात आईला झटके. म्हणजे आतापासून जपायला हवं. वेळेत कळलं तर डॉक्टर गोळी सुरू करू शकतात. चला, दोघीही आत."

मुलगी उठली. नर्सबाईंच्या आधी तिनेच मला आईच्या दंडावरून सोडवलं.

"आई, तेव्हा माझ्यामुळे चढलं असेल. आज माझ्यामुळेच सापडलं. झाली ना फिट्टंफाट?"

मावशी हसल्या आणि मग ढसाढसा रडल्या.

माझं म्हणाल तर चिकटपट्टी झिजलीय. हवा भरली की चर्रकन सुटते. नवी आली की मी अडगळीत जाणार. जाईन बापडी. पण बायांनो, मी दंडावर असताना काही लपवू नका. मला फक्त आजचा आकडा कळतो. मागचं सगळं तुम्हालाच सांगावं लागतं.