एका बटणात उघडणारं पिस्तूल

त्र्यंबकरावांचा विरोध एक वेळ परवडला, पण उत्साह नको, हे सुहासिनीला लग्नाच्या इतक्या वर्षांनी पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पिस्तुलाच्या नावानं ते नाक मुरडत होते तोवर ती अगदी मजेत होती.

या सगळ्याला कारण शेजारची कॅरल. कॅरल म्हणजे शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरातल्या त्यांच्या गल्लीतली सगळ्यात जुनी रहिवासी. दर बुधवारी संध्याकाळी ती डेक्स्टर गावाच्या बाजूला असलेल्या क्लबात नेमबाजीला जायची. गाडीत गप्पा मारायला कुणीतरी हवं म्हणून एप्रिलमध्ये तिनं सुहासिनीला बरोबर नेलं, आणि तिथं गेल्यावर ‘एकदा करून तर बघ’ म्हणून आपलं छोट्या गोळीचं पिस्तूल तिच्या हातात ठेवलं. सुहासिनीनं श्वास रोखला, चाप ओढला आणि समोरच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळात एक भोक पडलं. ती एवढ्या मोठ्यांदा हसली की शेजारचा माणूस कानावरचे आवाज अडवणारे मफ काढून बघायला लागला.

तिनं युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये उभी हयात नोकरी केली होती, दोन मुलं वाढवली होती, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला पातेलीच्या पातेली मसालेभात केला होता. त्या प्रत्येक गोष्टीचा कुणाला ना कुणाला उपयोग होता. कागदाला भोक पाडण्याचा मात्र जगात कुणालाच काही उपयोग नव्हता, आणि तिला ते भलतंच आवडलं.

“या वयात पिस्तूल?” त्र्यंबकराव म्हणाले होते. “लोक काय म्हणतील? आणि उपयोग काय त्याचा?”

“काही नाही,” सुहासिनी आनंदानं म्हणाली होती.

ते रोज एकदा तरी कुरकुर करायचे आणि ती मनातल्या मनात म्हणायची, करा, खुशाल करा. कारण त्र्यंबकरावांना एखादी गोष्ट पटली की ती त्यांचीच होऊन जायची. मागच्या अंगणात टोमॅटो तिनं लावले. आधी त्यांनी ‘बाजारात मिळतात की’ म्हणून हिणवलं, मग मातीची तपासणी करून आणली, आणि आता पाहुण्यांना ते ‘माझे टोमॅटो’ दाखवायचे. पेटी शिकायला तिनं सुरुवात केली. तिचा भाता जरा गळत होता, तो त्यांनी दुरुस्त करून दिला, एवढंच निमित्त. पुढच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर पेटीला त्र्यंबकराव बसले होते आणि सुहासिनी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. माणूस वाईट नव्हता. उलट फार मदत करायचा, आणि सगळी गोम त्या मदतीतच होती.

सप्टेंबरात कॅरलनं ॲरिझोनाला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. तिच्याबरोबर तिचं पिस्तूलही जाणार. बुधवार चालू ठेवायचे तर सुहासिनीला स्वतःचं पिस्तूल घेणं भाग होतं. जाण्याआधी कॅरलनं तिला एकच गोष्ट बजावली. रिमफायर म्हणतात ती ही बारकी गोळी स्वस्त असते, तिचा धक्काही बसत नाही, पण ती काजळी फार सोडते. तेव्हा असंच पिस्तूल घे, जे तुझं तुला उघडून पुसता येईल. नाहीतर ते कपाटात पडून राहील.

तुझं तुला! सुहासिनीनं ते शब्द अगदी जपून ठेवले. तिच्या उजव्या अंगठ्याला संधिवात होता. बरणीचं झाकणसुद्धा हल्ली त्र्यंबकराव उघडून द्यायचे. आता पिस्तूलही तेच उघडून द्यायला लागले की पुढचं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं: क्लबात तेच नेम धरताहेत आणि आपण मागे थर्मास घेऊन बसलोय.

पोलिसांकडून खरेदीचा परवाना तिनं मुकाट्यानं आणला. शनिवारी सकाळी ती दुकानात जायला निघाली तेव्हा त्र्यंबकराव बूट घालून दारात उभे होते.

“मीही येतो,” ते म्हणाले. “काल इंटरनेटवर जरा वाचलं. मेकॅनिझम इंटरेस्टिंग असतं गं यांचं!”

झालं, उत्साह आला!

दुकानदाराचं नाव डेल. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोलणं मोजकं. सुहासिनीनं त्याला सांगितलं, टार्गेटसाठी हवंय, फार महाग नको, आणि घेण्याआधी मला ते उघडून बघायचंय. डेलनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकं पिस्तूल हातात घेतात, भिंतीकडे धरून नेम बघतात. आधी उघडून दाखवा म्हणणारी ही पहिलीच असावी.

त्यानं आधी आपलं आवडतं पिस्तूल काढलं. देखणं होतं, निळसर काळं, लांब नळीचं. उघडायला मात्र लाकडी हातोडीनं एक टोला द्यावा लागायचा, आणि परत जोडताना ते एका विशिष्ट कोनात तिरकं धरून, आतला एक इवलासा तुकडा बरोबर जागी पडेपर्यंत देवाचं नाव घ्यावं लागायचं. सुहासिनीनं जोडून पाहिलं. अंगठ्यातून कळ गेली आणि तुकडा काही जागी पडला नाही.

“दाखव इकडे,” त्र्यंबकराव म्हणाले.

जन्मभर त्यांनी हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर म्हणून काम केलं होतं. रोज पहाटे पहिला पेशंट यायच्या आत भुलीच्या मशीनची नळी न् नळी तपासणारा माणूस. त्यांनी पिस्तूल तिरकं धरलं, जरा हलवलं, आणि टक्‌ आवाज झाला. डेल खूश झाला. असं पहिल्या झटक्यात कुणाला जमत नाही, म्हणाला. त्र्यंबकरावांचे डोळे लकाकले.

“वा! याला म्हणतात मशीन! हेच घेऊ या, सुहास. तुला नाही जमलं तरी हरकत नाही, साफ मी करत जाईन.”

पेटीचा भाता दुरुस्त करताना ते नेमक्या याच आवाजात बोलले होते.

“अजून काही दाखवाल?” सुहासिनीनं डेलला विचारलं. “अंगठा दुखत असला तरी उघडता येईल असं?”

डेलनं डोकं खाजवलं आणि अगदी खालच्या फळीवरून एक पिस्तूल काढलं. दिसायला अगदीच ओबडधोबड. राखाडी रंग, बोजड नळी, मुठीला साधं काळं रबर. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. ते रिकामं असल्याची त्यानं खात्री करून घेतली आणि पुढचं एक बटण दाबलं. नळी उचलून हातात आली, वरचा भाग सुटला, आतली एक स्प्रिंग निघाली. बस, एवढंच. हातोडी नको, कोन नको.

“हे?” त्र्यंबकराव हिरमुसले. “यात काय आहे? हे तर कुणीही उघडेल.”

“तेच तर!” सुहासिनी म्हणाली.

डेलनं ते जोडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं बटण दाबलं. अंगठा नाही, तर्जनी वापरली. नळी उचलली. वरचा भाग काढला, आणि आतली स्प्रिंग टुणकन उडून काउंटरवरून घरंगळत नेमकी त्र्यंबकरावांच्या पुढ्यात जाऊन थांबली. त्यांनी ती चपळाईनं उचलली, दुसऱ्या हातानं पिस्तूल ओढलं आणि म्हणाले, “थांब, मी बसवून देतो.”

“अहो, हात मागे!”

मराठी येणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, पण अर्थ डेललाही कळला. तो घाईघाईनं काच पुसायला लागला.

“काय झालं?” त्र्यंबकराव गोंधळले. “मी तर मदत...”

“टोमॅटोंना मदत केलीत, ते तुमचे झाले. पेटीला मदत केलीत, ती तुमची झाली.” सुहासिनी म्हणाली. “मला राग नाही आला कधी. वाईट वाटलं. हे एवढं एक माझं राहू दे. वाकडंतिकडं जमलं तरी माझं मला जमू दे.”

त्र्यंबकरावांनी हातातल्या स्प्रिंगकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं, आणि आता आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी स्प्रिंग काउंटरवर ठेवली, पिस्तूल तिच्याकडे सरकवलं आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले.

सुहासिनीनं स्प्रिंग बसवली, ती पुन्हा निसटली. त्र्यंबकरावांचे खांदे हलले, पण हात मागेच राहिले. तिनं दुसऱ्यांदा बसवली, वरचा भाग सरकवला, नळी टेकवून दाबली. खट्‌! जोडलं गेलं. तिनं ते लगेच पुन्हा उघडलं आणि पुन्हा जोडलं, निव्वळ मजा म्हणून. जीव भांड्यात पडला होता.

“हेच द्या,” ती डेलला म्हणाली.

बुधवारी त्र्यंबकराव क्लबात काचेमागच्या बाकावर बसले. थर्मास त्यांनी आपणहून घेतला होता. सुहासिनीची पहिली गोळी बाहेर गेली, दुसरीही. मग तिला त्या बोजड नळीची सवय झाली आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या. तिनं कागद काचेला लावून दाखवला तेव्हा ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाकावर ते एकटेच होते, तरी पहिली रांग भरल्यासारखी वाटली.

घरी आल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरले आणि पिस्तूल उघडलं. नळी काजळीनं काळी झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात त्र्यंबकराव हात मागे बांधून उभे होते.

“काही लागलं तर सांग,” ते म्हणाले.

“लागेल. मऊ सुती कापडाचे चौकोनी तुकडे. तुमचा तो जुना बनियन द्याल?”

ते बनियन, कात्री आणि पट्टी घेऊन आले. तुकडे त्यांनी मोजूनमापून असे कापले की एकाचा कोपरा दुसऱ्याशी तंतोतंत जुळावा. पुढे सरकवले आणि हात परत मागे नेले.

“सुहास,” जरा वेळानं ते म्हणाले, “पेटी परत घेतेस का?”

तिनं नळीतून काळाकुट्ट झालेला तुकडा बाहेर ओढला. प्रश्न साधा होता आणि त्यांनी तो मनापासून विचारला होता.

“नको. छान वाजवता हो तुम्ही, खरंच. माझ्यापेक्षा कितीतरी छान.” ती हसली. “वाजवा ना आत्ता काहीतरी. माझं पुसून होईपर्यंत.”

त्र्यंबकराव लगबगीनं आत गेले. भाता उघडल्याचा आवाज आला, दोन सूर चाचपडले आणि मग एक जुनं नाट्यपद सुरू झालं. सुहासिनीनं शेवटचा तुकडा नळीतून फिरवला. तो पांढराशुभ्र बाहेर आला. तिनं स्प्रिंग बसवली, नळी दाबली, खट्‌!

आतलं पद मात्र अजून अंतऱ्यावरच होतं. तिनं दाराकडे एकदा पाहिलं, बटण दाबून पिस्तूल परत उघडलं आणि बनियनचा नवा तुकडा घेऊन अगदी सावकाश पुसायला लागली.