पोहण्याच्या मास्तरांचे यकृत

मित्रांनो, मी एक जुने यकृत आहे. वय एकसष्ट. पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या उजव्या बरगड्यांखाली माझा मुक्काम असतो. त्यांच्या जन्माआधीपासून मी कामाला जुंपलेले आहे. साखर साठवायची, विषे मोडायची, रक्त गाळायचे. कौतुक मात्र धडधडणाऱ्या शेजाऱ्याचे. बिनबोभाट राबणाऱ्याला कोण विचारतो?

मग माझ्याच वरच्या कोपऱ्यात कर्करोगाची गाठ झाली. किरणांनी गाठ मारायची आणि उरलेल्या मला वाचवायचे, असे ठरले. पण मास्तरांच्या श्वासाबरोबर मी खालीवर होते. म्हणून किरण चालू असताना त्यांनी दर वेळी ठरलेलाच श्वास घेऊन रोखायचा होता. मास्तरांनी छाती तट्ट फुगवली.

"काका, एवढा नको. यकृत खाली सरकतं," मशीन चालवणाऱ्या ताई म्हणाल्या.

"अहो, मी दोन मिनिटं पाण्याखाली राहतो."

"इथं पाणी नाही आणि शर्यतही नाही. सरावाला घेतला होता तेवढाच घ्या."

श्वास जुळेपर्यंत ताईंनी किरण सुरूच केले नाहीत.

गाठ आक्रसली. तरी थोडी झळ शेजारच्या निरोगी भागाला लागलीच. माझ्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर सोलले गेले आणि रक्त तुंबले. जखमेचा सांगावा नेणारी रसायने सुटली. एरवी अ जीवनसत्त्व सांभाळत स्वस्थ बसणाऱ्या माझ्या काही पेशी तो सांगावा ऐकून चिवट धागे विणू लागल्या. ते विणकाम थांबले नसते, तर मी घट्ट, निकामी झाले असते.

दोन महिन्यांनी मास्तरांच्या पोटात पाणी साठू लागले. आता तलावात उतरू देणार नाहीत, या भीतीने त्यांनी पट्टा सोडून नाडीची विजार धरली आणि ते गप्प राहिले.

"बाबा, गाल बसलेत आणि पोट सुटलंय. हे कसलं बाळसं?" मुलीने विचारले.

"घरचं जेवण."

"ते मीच करते. मला नका सांगू. चला दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, पोट दाबून पाहिले.

"किरणांची ही इजा उलटवणारं औषध नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पाणी उतरवायच्या गोळ्या देते. मीठ कमी करा. बाकीचं यकृतालाच करायचंय."

"आणि उशिरा आलो असतो तर?"

"तर मी इतक्या शांतपणे बोलत नसते."

मी कंबर कसली. माझ्या वाचलेल्या भागातल्या पेशी दुभंगून नव्या पेशी घडवू लागल्या. चार महिन्यांत पोट ओसरले. व्रण राहिला आहे. त्याच्यासकट मी काम करते.

मित्रांनो, माझ्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. त्यामुळे मला ओरडता येत नाही. शेवटच्या पेशीपर्यंत झुंजायचे काम माझ्यावर सोडा. पण अंगात काही बिघडले, तर ते वेळेवर सांगायला तोंड तुम्हालाच आहे.