सोन्याचं मांजर

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी साली उदगीरकडच्या एका गावात हिवतापाची फवारणी आली. रांजणांत साठवलेल्या पाण्यावर डास माजले होते. धोंडप्पाचा पोरगा आदल्याच वर्षी तापानं गेलेला. म्हणून त्यानं फवारणीवाल्यांना चहा पाजून बियाण्याच्या खोलीत दोनदा पावडर मारून घेतली. शेजारच्या बसवराजनं देवघर बाटेल म्हणून दाराला कडीच लावली. धोंडप्पा त्याला चारचौघांत अडाणी म्हणाला.

डास मेले, झुरळं मेली. मग भिंतीवरच्या पाली टपाटपा पडायला लागल्या. थोड्याच दिवसांत धोंडप्पाची मांजर अंगणात पाय झाडत, तोंडाला फेस येऊन मेली. दुधात तोंड घातलं म्हणून बसवराजनं तिला आदल्याच दिवशी लाकूड फेकून मारलं होतं. धोंडप्पाच्या नाकावर तर कायमच राग. उचलली जीभ लावली टाळ्याला!

"इख घातलास व्हय रं? काशीला सोन्याचं मांजर वाहिल्याबिगर हे पाप फिटत न्हाई!"

बसवराजनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्याची आण, म्या न्हाई."

धोंडप्पानं कुऱ्हाडीचा दांडा त्याच मुठीवर घातला. मनगटाचं हाड कडाडलं. बसवराज गुडघ्यावर आला, तरी दुसरा दांडा पाठीत बसलाच.

मांजर गेली, उंदरांना रान मोकळं. पेरणीची ज्वारी कणगीत होती. दुष्काळात गावात दुसरं बियाणं कुणाकडं मागायची सोय नव्हती. उंदरांनी कणगी बुडातून फोडली. धोंडप्पा मुसळ घेऊन तुटून पडला. भिंतीवर रक्त उडालं.

"आपल्या लिंगायताच्या घरात ही हत्या? काय करायलाव?" त्याची बायको शांतम्मा ओरडली.

तो थांबला नाही. पण दहा मारले तर वीस निघायचे. ज्वारी निम्मी राहिली, तेव्हा त्याला बसवराजची मांजर आठवली. बसवराज मनगटाची पट्टी बदलून घ्यायला गेल्याचं बघून धोंडप्पानं तिला पोत्यात घातलं आणि बियाण्याच्या खोलीत कोंडलं.

सकाळी दार उघडलं. मांजर थरथरत पडली होती, तोंडात अर्धी पाल. धोंडप्पानं तिला उचलून मांडीवर घेतलं. तिनं त्याच्या हाताचा लचका तोडला आणि मांडीवरच जीव सोडला. तेव्हा त्याला सगळं कळलं. पोराच्या आठवणीनं मारलेली पावडर पालींत उतरली, पालींतून मांजरीत. निरपराध माणसाचं हाड त्यानं मोडलं होतं.

बाहेर बसवराज मांजरीला हाका मारत होता. हात गळ्यात बांधलेला. दारात येऊन त्यानं मांडीवरची मांजर बघितली.

"पावडरीच्या पाली खाल्ल्या तिनं," धोंडप्पा म्हणाला. "माझ्या मांजरीनं बी. म्याच कोंडलं हिला." त्यानं कुऱ्हाडीचा तोच दांडा बसवराजच्या डाव्या हातात दिला. "मार."

"हिच्या जिवावर माझं बियाणं अजून शाबूत होतं रं!" बसवराज रडतच ओरडला आणि त्यानं दांडा हाणला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. धोंडप्पानं हात वर केला नाही.

त्या आवाजानं कणगीखालचे उंदीर उठले आणि बसवराजच्या भिंतीकडं पळाले.