रिकाम्या सीटवरची सुरकुती

साल दोन हजार अठरा. बिनचालकाच्या गाड्यांच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत होत्या आणि वाचणाऱ्यांना त्यातलं निम्मंच कळत होतं. उरलेलं निम्मं समजावून द्यायला सारथीबाबा गावाबाहेरच्या मैदानावर येऊन उतरला.

त्या रविवारी सकाळी मैदानाला दोरी बांधली होती आणि दोरीमागे अख्खं गाव उभं होतं. मधोमध एक पांढरी गाडी. बाबा तिच्यापासून तीस पावलांवर, डोळे मिटून, हात वर करून. गाडी आपोआप सुरू झाली, हळूच निघाली, मांडून ठेवलेल्या पिंपांना वळसा घालून परत आली. चालकाच्या जागी नुसती रिकामी सीट. दातांचे डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत होते, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले.

"कंपन्यांना याला हजार इंजिनियर लागतात," बाबा ध्वनिवर्धकातून म्हणाला. "आम्हाला एक चकती लागते. गाडीत चिकटवा, स्टिअरिंग सोडा, ब्रेक विसरा. विश्वाची गती तुम्हाला घरी पोचवेल."

चकती पितळेची, बरणीच्या झाकणाएवढी. अट एकच होती, आपलं लायसन्स बाबाच्या पेटीत टाकायचं, कारण ते जवळ बाळगणं म्हणजे चकतीवर अविश्वास. बऱ्याच जणांनी चकती मिळायच्या आधीच ते टाकलंही होतं. गाडी धडकली तर श्रद्धा कमी पडली, नाही धडकली तर चकती पावली. अशा हिशेबात बाबा हरणार तरी कसा?

गर्दीत गादीताई उभी होती. हँडल मारून गाड्या सुरू करायच्या काळात, परकरात असताना, ती वडिलांच्या दुकानात सीटमध्ये काथ्या भरायची. आता सदुसष्टाव्या वर्षीही गावातल्या निम्म्या गाड्यांची कव्हरं तिच्याच हातची होती, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या आणता-नेता ती चालवायलाही शिकली होती. पण आज तिचं लक्ष गाडीपेक्षा दादाकडे होतं.

दादा तिचा थोरला भाऊ. पस्तीस वर्षं बस चालवली, कुणाला खरचटलं नाही. मग काचबिंदूने डोळे नेले आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. त्या दिवसापासून घरात कुणी किल्ली वाजवली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. आज मात्र त्याने आपली जुनी गाडी शेजाऱ्याकडून मैदानाच्या फाटकाशी आणवली होती. चकती घ्यायची, सात वर्षांच्या नातीला शेजारी बसवायचं आणि उताराच्या रस्त्याने स्वतः घरी जायचं, असं त्याने ठरवलं होतं. गादीताईने आठवडाभर समजावलं. तो एकच म्हणाला, "मला कुणाच्या तरी मागच्या सीटवर मरायचं नाहीये."

आता तो मान तिरकी करून गाडीचा आवाज ऐकत होता. "वळणाआधी गियर कसा उतरवतोय बघ," तो म्हणाला. "धक्का नाही, झटका नाही. अगदी माझ्यासारखं. विश्वाची गती म्हणजे आपल्याच डेपोची निघाली की गं."

तिसऱ्या फेरीला गाडी दोरीला घासून वळली, आणि गादीताईला रिकाम्या सीटवर सुरकुती दिसली. गादीवर सुरकुती पडते ती वर कुणी बसलं की. ही आतून पडली होती, बरोबर मधोमध, आणि गाडी सरळ झाल्यावर गेली. कंबरेत वाकतो तो अंगावरचा कपडा. गादीला कुठली आलीय कंबर?

गाडी थांबली. पहिली चकती दादाला, असं बाबाने जाहीर केलं. दादाने लायसन्स काढलं, नातीने त्याचं बोट धरलं. गादीताई दोरीखालून वाकून आत शिरली. तिच्या पिशवीत दाभण कायम असायचं, कपड्याच्या सुईला लाजवेल असं, वीतभर लांब.

"बाबा, तुमच्या सीटची शिवण उसवलीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दोन टाके घालते. तेवढीच माझी सेवा."

सेवेला नाही कसं म्हणणार? बाबा म्हणाला, तेजोवलयात लोखंड चालत नाही.

"मग गाडी कशाची आहे, लाकडाची?"

दोरीमागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात तिने दार उघडलं आणि दाभणात दोरा ओवला. "इथे, छातीपाशी उसवलंय. खोल घालावं लागेल."

"मावशी, थांबा," सीट म्हणाली.

मग सीटला हात फुटले, पाय फुटले आणि ती गाडीबाहेर येऊन उभी राहिली. मूळ सीट काढून तिथे स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसलेल्या माणसाने सीटच्या आकाराचं कव्हर अंगात घातलं होतं. डोक्यावर उशी, डोळ्यांपुढे काळी जाळी, आणि स्टिअरिंग खालून धरायला बाजूंना दोन चिरा. घामाने निथळत त्याने आधी पाणी मागितलं आणि मग दादाला बघून मान खाली घातली. दादाच्या हाताखाली शिकलेला, डेपो बंद पडल्यावर घरी बसलेला ड्रायव्हर होता तो.

"आवाज ओळखीचा वाटत होता," दादा म्हणाला. मग त्याने लायसन्स खिशात घातलं आणि गाडीची किल्ली बहिणीच्या हातावर ठेवली. "तू चालव. मी पुढे बसणार, मागे नाही."

बाबा त्या गडबडीत पसार झाला, तोही पायी. पेटीभोवती दुपारपर्यंत आपापली लायसन्सं शोधणाऱ्यांची झुंबड होती. आपलं शोधायला गुरुजींनी बायकोला पाठवलं. हल्ली बाबा कुठेतरी ड्रोनला मंत्र देतो म्हणे. सीटमधल्या माणसाला गावच्या व्हॅनवर काम मिळालं. दादा शेवटपर्यंत रोज तिच्यात त्याच्या शेजारी बसायचा आणि गियरच्या आवाजावरून त्याला रागवायचा. तो गेला त्याला आता तीन वर्षं झाली. नात मोठी झाली, समोर येईल ते यंत्र खोलून बघते.

गादीताईचं दुकान अजून चालू आहे. बिनचालकाच्या गाड्या खरंच येतील का, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा ती म्हणते, येतील की, आणि काचबिंदूवाल्यांचं भलंही करतील. पण खऱ्या यंत्राचं झाकण उघडून बघता येतं, आणि ते चुकलं तर ज्याने बनवलं त्याला जाब विचारता येतो. जो दोरीमागे उभं राहायला सांगतो, त्याच्या गाडीत बसण्याआधी सीट एकदा हाताने दाबून बघा.