भूमिकानं भरलेली दाढ

मंदाबाईंचा गाल सुजून डोळा झाकायला लागला, तरी त्या दवाखान्याचं नाव काढू देईनात. दाढेखाली लवंग धरायची, भाकरी दुधात कुस्करून गिळायची, असं चाललं होतं.

"बठ्ठं तोंड सुजी गयं," जीवरामभाऊ म्हणाले. "चाल आते जळगावले."

"ती दाढ मनी पोरनी भरेल शे. कोनले हात लावू देवाव नही."

दोघांची एकुलती एक लेक भूमिका धुळ्याला दातांची डॉक्टर होत होती. शेवटच्या वर्षाला तिनं कॉलेजात आईच्याच दाढेचं रूट कॅनल केलं. पुढे डेंग्यूचं निमित्त झालं आणि हाताशी आलेली पोर गेली. तेव्हापासून चोपड्याच्या त्या घरात तिचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

अंगात ताप भरला, तेव्हा मात्र भाऊंनी बायकोला उठवलं आणि जळगावच्या बसमध्ये बसवलंच.

डॉक्टर सुलक्षणांनी एक्स-रे पाहिला. "जुनं भरण काढून पुन्हा रूट कॅनल करावं लागेल. आधी कुणी केलं होतं?"

"लेकीनं," मंदाबाई म्हणाल्या, आणि मग सगळंच सांगून बसल्या. शेवटी भीतभीत विचारलं, "तिचं काही चुकलं का हो?"

सुलक्षणांनी एक्स-रे पुन्हा एकदा पाहिला. "तुमच्या दाढेच्या मुळांत चार नळ्या आहेत. चौथी केसासारखी बारीक, ती राहून गेली. तिथं पू झालाय. पण या तीन बघा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "टोकापर्यंत नीट भरल्यात. शिकताना माझ्या हातून इतकं चांगलं होत नव्हतं."

मंदाबाई त्या पांढऱ्या रेघांकडे बघत राहिल्या. मग आपणहून खुर्चीत मागे टेकल्या.

भूल दिली, दाढेवरची टोपी कापली. भरणाचे गुलाबी तुकडे निघून ट्रेमधल्या कापसावर पडू लागले. एखादा तुकडा मागून घ्यावा असं मंदाबाईंना फार वाटलं, पण तोंड उघडं अडकलेलं. मदतनीस बाईनं कापूस गोळा करून डब्यात टाकला.

"दुखतंय?" डोळ्यांतलं पाणी बघून सुलक्षणांनी विचारलं.

मंदाबाईंनी मान हलवली. दुखत नव्हतं.

नळ्यांत औषध ठेवून डॉक्टरांनी दाढ तात्पुरती बंद केली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

स्टँडवर दोघं बाकावर बसले. चोपड्याची गाडी लागली. जीवरामभाऊ उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "त्या दिन मी नव्हतू. भूमिका काय बोलनी तुले?"

बधिर ओठांनी मंदाबाई सांगू लागल्या. "आई, जीभ मधी आनू नको" म्हणून पोर कशी रागावली, आणि काम झाल्यावर सगळ्यांसमोर गळ्यातच पडली.

गाडी निघून गेली. भाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "मंग?"